खाडीकाठी, तळ्याकाठी कचरा प्रकल्प येणार असं कळलं तर नेमकं काय काय करायचं

बऱ्याच गावांत पहिली खबर लागते ती मोजणीवाले आले की. नाहीतर पेपरात आतल्या पानावर छोटी जाहिरात येते, बारीक टाइपात, जनसुनावणीची, आणि ती कोणीतरी फोटो काढून ग्रुपवर टाकतं आणि मग रात्रभर मेसेज. दुसऱ्या दिवशी बॅनर, तिसऱ्या दिवशी मोर्चा. मोर्चा काढाच, त्याने गाव एकत्र येतं आणि पुढाऱ्यांना कळतं की इथे विषय तापलाय. पण निर्णय घेणाऱ्या समितीसमोर, नंतर कोर्टात किंवा हरित लवादात (पर्यावरणाच्या खटल्यांचं खास न्यायालय), जे वाचलं जातं ते फाईलमधलं. "आमचा तीव्र विरोध आहे" एवढंच लिहिलेलं पत्र फाईलला लागतं आणि तिथेच राहतं. गट नंबर, अंतर, तारीख, फोटो असलेलं पत्र मात्र कोणालातरी उत्तर द्यायला लावतं. म्हणून हे सगळं लिहितोय, कारण पाणथळ जागेच्या बाबतीत कायदा आपल्या बाजूने बराच आहे, फक्त तो कोणीतरी वेळेत आणि नीट मांडायला लागतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करा की येतंय काय. "डंपिंग येतंय" असं सगळेच म्हणतात पण कागदावर ते शास्त्रोक्त भरावभूमी म्हणजे तळाला अस्तर घालून कचरा पुरायची जागा असेल, कचरा प्रक्रिया केंद्र असेल, कंपोस्ट, बायोगॅस, गाड्या रिकाम्या करून मोठ्या गाडीत भरायचं ट्रान्सफर स्टेशन असेल, दवाखान्यांचा जैववैद्यकीय कचरा जाळायचा प्लांट असेल नाहीतर कारखान्यांचा घातक कचरा. प्रत्येकाला वेगळे नियम, वेगळी परवानगी. सुक्या कचऱ्याच्या वर्गीकरणाची शेड आणि रोज शेकडो टन मिक्स कचरा ओतायची जागा याला एकच विरोधपत्र लिहिलंत तर समोरचा माणूस पहिल्या वाक्यालाच तुम्हाला खोडून काढेल.

जागा कोणाची, आणि कागदावर ती काय आहे

गट नंबर मिळवा. तो मिळाला की सातबारा, फेरफार, आणि महाभूनकाशा या सरकारी वेबसाइटवरून गटाचा नकाशा काढा. सातबाऱ्यावर सरकारी खाजण (खाडीकाठची खारट जमीन), गुरचरण, पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) असं काय लिहिलंय ते बघा, आणि इतर हक्कात काही नोंद आहे का तेही. जुने फेरफार फार बोलके असतात, कधीकाळी जागा वनखात्याकडे होती का, खारभूमीच्या बांधाच्या लाभक्षेत्रात आहे का, हे तिथे सापडतं. मग विकास आराखडा किंवा प्रादेशिक योजना बघा, त्या जागेवर कचऱ्याचं आरक्षण आहे की हरित पट्टा की ना-विकास क्षेत्र. आरक्षण नंतर बदललं असेल तर त्या बदलाच्या वेळी हरकती मागवल्या होत्या का हे विचारता येतं.

मग गुगल अर्थ उघडा, त्यात जुन्या सालाचे फोटो बघायची सोय आहे. दहा-पंधरा वर्षांचे फोटो एकापाठोपाठ बघितले की तिवर (खारफुटी) कधी कापले, भराव कधी टाकला, पाणी कुठपर्यंत यायचं हे सगळं दिसतं. स्क्रीनशॉट घ्या, त्यावर तारीख दिसली पाहिजे.

कायद्याने ती पाणथळ आहे का

इथे सगळ्यात जास्त गोंधळ होतो, त्यामुळे जरा सावकाश वाचा. आपल्याला डोळ्याने दिसतं पाणी, पक्षी, लव्हाळं, म्हणून आपण म्हणतो पाणथळ. कायद्यात मात्र ते दोन-तीन वेगवेगळ्या खणांत पडतं आणि चुकीच्या खणात बोट घातलं की हरकत फेटाळली जाते.

२०१७ चे पाणथळ नियम आहेत, त्यात पाणथळीत घनकचरा टाकणं, भराव घालून तिचा दुसरा वापर करणं, उद्योग उभारणं, न प्रक्रिया केलेलं सांडपाणी सोडणं या गोष्टींना मनाई आहे, आणि गेल्या दहा वर्षांत पुराच्या पाण्याची जी सरासरी पातळी दिसली तिथपासून ५० मीटरच्या आत कायमचं बांधकामही चालत नाही. ऐकायला भारी वाटतं. पण याच नियमांच्या व्याख्येतून नदीचं पात्र, भातशेती, पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यशेतीसाठी, मिठासाठी माणसाने बनवलेले पाणसाठे वगळलेत. म्हणजे मिठागर किंवा भाताची खाचरं पाण्याखाली असली तरी समोरचा म्हणणार ही पाणथळ नाहीच. आणि सागरी किनारा क्षेत्रात, म्हणजे सीआरझेडमध्ये किंवा वनजमिनीत येणाऱ्या जागांना हे नियम लागू होत नाहीत, तिथे त्यांचे त्यांचे कायदे.

म्हणून साधा हिशोब असा ठेवा. आतल्या भागातलं तळं, नैसर्गिक सखल जागा असेल तर २०१७ चे नियम आणि राज्य पाणथळ प्राधिकरण. खाडी असेल, भरती-ओहोटीचं पाणी येत असेल तर सीआरझेड, आणि सीआरझेड अधिसूचनेत भरावासाठी शहराचा कचरा टाकायला सरळ मनाई आहे. तिवर म्हणजे कांदळवन असेल तर आणखी मजबूत, कारण मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०१८ च्या निकालात संपूर्ण राज्यात कांदळवन तोडायला, त्यावर भराव किंवा कचरा टाकायला बंदी घातली आणि भोवती ५० मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितलाय, सार्वजनिक हितासाठी कोर्टाने खास परवानगी दिली तरच अपवाद. मिठागर असेल तर पाणथळ शब्दावर भांडत बसू नका, भरतीरेषा आणि तिवर यावर बोला.

अजून एक. "ही पाणथळ अधिसूचित नाही" असं उत्तर हमखास येतं. त्यावर सुप्रीम कोर्टाचा फेब्रुवारी २०१७ चा आदेश दाखवायचा. इस्रोच्या उपग्रह नकाशांवरून यादी केलेल्या सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना, अधिसूचना निघाली नसली तरी, तसंच संरक्षण द्यायला कोर्टाने सांगितलं होतं. डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा आदेश झाला की राज्यांनी प्रत्यक्ष जागेवर जाऊन हद्दी ठरवाव्यात. तेव्हा तुमचं तळं इस्रोच्या पाणथळ अ‍ॅटलासमध्ये आहे का ते शोधा आणि असेल तर तो नकाशा हरकतीला जोडा. रामसर यादीतली (आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींची यादी) जागा जवळ असेल, म्हणजे नांदूर मधमेश्वर, लोणार, ठाणे खाडी किंवा गोव्यातलं नंदा तळं, तर तिच्या प्रभावक्षेत्राचा मुद्दा काढाच. पाणथळीची नुसती हद्द बघून चालत नाही, तिच्याकडे वाहून येणारं पाणी जिथून येतं तो भागही नियमांत धरलेला आहे.

अंतरं

२०१६ च्या घनकचरा नियमांत भरावभूमीसाठी अंतरं लिहिलेली होती. नदीपासून १०० मीटर, तळ्यापासून २०० मीटर, वस्ती, हायवे, सार्वजनिक बागा आणि पिण्याच्या विहिरींपासून २०० मीटर, विमानतळापासून २० किलोमीटर. पूरक्षेत्र, सीआरझेड, पाणथळ आणि संवेदनशील अधिवास यात भरावभूमी नकोच. भूजलाची पातळी तळाच्या मातीच्या थराखाली किमान २ मीटर हवी, आणि तो तळ म्हणजे ९० सेंटीमीटर जवळपास अभेद्य माती आणि वर दीड मिलीमीटर जाडीचं एचडीपीई प्लास्टिकचं अस्तर. आता २०२६ चे नवे नियम आलेत, १ एप्रिल २०२६ पासून लागू, त्यामुळे हरकत लिहिताना चालू नियमांचा मजकूर समोर ठेवा आणि कलम त्यातलंच टाका. प्रस्ताव जुन्या नियमांच्या काळात मंजूर झाला असेल तर दोन्ही तपासा.

त्या २ मीटरवर सगळा जोर द्या असं माझं प्रामाणिक मत आहे. खाडीकाठच्या किंवा तळ्याकाठच्या जमिनीत पावसाळ्यात दोन हात खणलं तरी पाणी लागतं, हे गावातल्या प्रत्येकाला माहितीये, कारण घराचा पाया घालताना सगळ्यांनीच पंप लावलेला असतो. पण हे कुठल्याही कागदावर नसतं. ते कागदावर आणायचं काम आपलं.

आपला पुरावा आपणच गोळा करायचा

प्रकल्पाच्या भोवतालच्या विहिरी ठरवा, पाच-सहा पुरेत, चारी दिशांना असतील अशा. दोरीला दगड बांधा, दोरीवर अर्ध्या अर्ध्या मीटरवर गाठी मारा किंवा सरळ मोजपट्टी वापरा, आणि विहिरीच्या काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर दर आठवड्याला एकाच वारी वहीत लिहा. काठ जमिनीपासून किती उंच आहे ते एकदा मोजून वजा करायला विसरू नका, नाहीतर तेवढ्यावरूनच आकडे उडवून लावतील. वहीत तारीख, वेळ, विहिरीच्या मालकाची सही. शेजारी मोबाईलचा फोटो, ज्यात लोकेशन आणि तारीख छापली जाते अशा अ‍ॅपमधून. जून ते ऑक्टोबर हे केलंत ना, तर अख्ख्या तालुक्यात कोणाकडे नसेल असा रेकॉर्ड तुमच्याकडे होतो. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी असतात, त्यांचे आकडेही मागवा, दोन्ही जुळले तर सोन्याहून पिवळं.

पाण्याची तपासणीही आत्ताच करून घ्या, पहिला ट्रक यायच्या आधी. खाडीकाठच्या विहिरीत क्षार आधीपासूनच असतात, त्यामुळे उद्या पाणी बिघडलं तर म्हणतील हे आधीपासूनच खारट होतं. आजचा रिपोर्ट असेल तर फरक दाखवता येतो. सरकारी पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्या, क्लोराईड, नायट्रेट, अमोनिया हे बघायला सांगा, जमलं तर जड धातू पण. कचऱ्यातून झिरपणारं काळं पाणी, ज्याला लीचेट म्हणतात, त्यात अमोनिया फार असतो, आणि तो विहिरीत दिसायला लागला की कुठून आला हे सांगायला फार डोकं लागत नाही.

खाडीकाठी असाल तर उधाण पकडा. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासची भरती, त्यात श्रावण-भाद्रपदातली, आणि त्याच वेळी पाऊस असेल तर पाणी कुठपर्यंत चढतं ते त्या दिवशी जागेवर उभं राहून शूट करा. भरतीचं वेळापत्रक आधीच मिळतं, मुंबई महापालिका तर पावसाळ्यातल्या साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस दरवर्षी जाहीर करते. व्हिडिओत एखादी ओळखीची गोष्ट आली पाहिजे, उघाडीचं (खाडीच्या बांधातल्या झडपेचं) दार, विजेचा खांब, देवळाचा चौथरा, म्हणजे कुठली जागा यावर वाद राहत नाही. ओहोटीला त्याच जागेवरून दुसरा फोटो. भरतीरेषा गटात कुठून जाते हे १:४००० च्या सीआरझेड नकाशावर दाखवलेलं असतं, प्रकल्पाचा आराखडा त्या नकाशावर बसवून दाखवा अशी मागणी लेखी करा.

मच्छीमार सोसायटीकडे मासळीच्या नोंदी असतात, त्या बघा. पागेने (फेकजाळ्याने) मारणारे, चिंबोऱ्या पकडणारे, चिखलात निवट्या आणि शिंपल्या वेचणाऱ्या बाया यांची नावं कुठल्याच नोंदीत नसतात आणि म्हणून अहवालात "बाधित मच्छीमार नाहीत" असं लिहिलं जातं. मला सगळ्यात जास्त राग याच वाक्याचा येतो. एक साधा तक्ता करा, कोण, कुठल्या घाटावर, काय पकडतं, कुठल्या महिन्यात, किती घरं त्यावर चालतात, आणि खाली सह्या-अंगठे. ज्या खाडीच्या तोंडाशी जिताड्याची पिल्लं येतात तिथे लीचेट गेलं तर वरच्या तळ्यांत जिताडा सोडणाऱ्यांनाही फटका, त्यांनाही यात घ्या.

पक्ष्यांसाठी जवळच्या पक्षीनिरीक्षकांना बोलवा, त्यांनी ई-बर्डवर टाकलेल्या याद्या तारखेसकट असतात आणि कोणीही तपासू शकतं. नुसते रोहित आणि चित्रबलाक लिहू नका. कचरा आला की घारी, कावळे आणि भटकी कुत्री वाढतात आणि जमिनीवर अंडी घालणाऱ्या टिटव्या, शेकाटे यांचा पहिला बळी जातो, हे लिहा.

माहितीचा अधिकार

महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत लागतो, फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला फुकट. उत्तर ३० दिवसांत. प्रश्नार्थक लिहू नका, "ही जागा का निवडली" याला उत्तर येणार नाही, कागद मागा. असं काहीतरी:

"मौजे ___, ता. ___ येथील गट नं. ___ वर प्रस्तावित घनकचरा प्रकल्पाबाबत पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात. १) जागा निवडीचा स्थळपाहणी अहवाल, तपासलेल्या पर्यायी जागांच्या यादीसह. २) जागा हस्तांतरणाचा आदेश व त्यातील अटी. ३) वन, कांदळवन, सीआरझेड व पाणथळ याबाबत मागवलेले आणि मिळालेले अभिप्राय. ४) भूजल पातळी व माती तपासणीचे अहवाल. ५) या विषयाच्या फाईलवरील टिपणी."

त्यातला पहिला मुद्दा सोन्याचा आहे. पर्यायी जागा बघितल्याच नव्हत्या असं त्यातून निघतं तेव्हा तुमची हरकत एकदम वजनदार होते. हाच अर्ज महापालिका किंवा नगरपरिषद, जिल्हाधिकारी कार्यालय आणि प्रदूषण नियंत्रण मंडळ अशा तिन्ही ठिकाणी टाका, तिघांच्या उत्तरात जिथे फरक पडतो तिथेच खरी माहिती असते. उत्तर आलं नाही तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील, ते चुकवू नका.

पर्यावरण अहवाल कसा वाचायचा

मोठ्या सामायिक कचरा प्रकल्पांना २००६ च्या पर्यावरण आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागते, आणि जनसुनावणी होणार असेल तर तिच्या आधी मसुदा अहवाल आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद किंवा महापालिका, जिल्हा उद्योग केंद्र, प्रदूषण मंडळ इथे बघायला ठेवावा लागतो. लहान प्रकल्पांना सुनावणी असेलच असं नाही, मान्यताप्राप्त औद्योगिक वसाहतीत असेल तर सूट मिळू शकते. म्हणून आधी परिवेश या केंद्र सरकारच्या मंजुऱ्यांच्या पोर्टलवर प्रस्ताव कुठल्या वर्गात टाकलाय ते बघा.

तीनशे पानं बघून घाबरायचं नाही, आणि अख्खा वाचायचीही गरज नाही. आधी बघा मोजणी कुठल्या महिन्यांत केली. बहुतेक अहवाल एकाच हंगामातल्या, पावसाळा सोडून घेतलेल्या नोंदींवर उभे असतात, आणि नियमांनी ते चालतंही. पण पाणथळीचं सगळं आयुष्यच पावसावर. मार्च ते मेमध्ये जाऊन बघितलं तर कोरडी भेगाळलेली जमीन दिसणार आणि अहवालात "पडीक जमीन" असं लिहिलं जाणार. इथे तुमची विहिरींची वही आणि उधाणाचे व्हिडिओ कामाला येतात.

मग फॉर्म १, म्हणजे मंजुरीसाठी केलेला अर्ज, बघा. त्यात १५ किलोमीटरच्या आतल्या पाणथळ जागा, जलप्रवाह, जंगलं, संवेदनशील जागा जाहीर करायच्या असतात, हवाई अंतरासकट. तिथे "नाही" असं लिहिलं असेल आणि प्रत्यक्षात असेल तर तो फार मोठा मुद्दा आहे. गोव्यातल्या मोपा विमानतळाच्या वेळी हेच झालं, जी माहिती फॉर्ममध्ये द्यायला हवी होती ती दिली नाही म्हणून सुप्रीम कोर्टाने मार्च २०१९ मध्ये पर्यावरण मंजुरी थांबवून पुन्हा विचार करायला लावला. नंतर जानेवारी २०२० मध्ये अटी घालून स्थगिती उठली आणि विमानतळ झाला हेही खरं, पण फॉर्ममधल्या रिकाम्या रकान्याला किती किंमत आहे ते त्यातून कळतं.

तिसरं म्हणजे प्राणी-पक्ष्यांची यादी. कोकणातल्या खाडीच्या अहवालात दुसऱ्याच प्रदेशातली झाडं-पक्षी सापडले तर समजा यादी दुसरीकडून उचललीय. पान नंबर लिहून घ्या.

ग्रामसभा

विशेष ग्रामसभा लावा. कोरम एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसं, यातलं जे कमी ते. ठरावात नुसता विरोध न लिहिता कारणं लिहा, गट नंबर लिहा, सूचक-अनुमोदक यांची नावं लिहा आणि प्रोसिडिंगची सही-शिक्क्याची नक्कल लगेच घ्या, नंतर घेऊ म्हटलं की राहतंच. ग्रामसभेच्या ठरावाने प्रकल्प आपोआप रद्द होत नाही हे गावाला आधीच नीट सांगा, नाहीतर लोक समजतात की झालं काम आणि जनसुनावणीला येतच नाहीत.

जनसुनावणीचा दिवस

सूचना किमान ३० दिवस आधी, एका राष्ट्रीय आणि एका स्थानिक भाषेतल्या पेपरात यायला लागते. सुनावणी घेतं प्रदूषण नियंत्रण मंडळ, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा अपर जिल्हाधिकाऱ्यापेक्षा खालच्या दर्जाचा नसलेला त्यांचा प्रतिनिधी, आणि ती प्रकल्पाच्या जागेवर किंवा अगदी जवळ व्हायला हवी. सूचना कमी दिवसांची असेल, मराठी सारांश ठेवलाच नसेल, जागा लांब कुठेतरी हॉलमध्ये असेल, तर सुनावणीच्या आधीच लेखी हरकत देऊन पोच घ्या.

इथे मतदान होत नाही आणि कोरमही लागत नाही. म्हणजे पाच माणसं आली तरी सुनावणी झाली असं धरलं जातं, आणि पाच हजार येऊन घोषणा देऊन मंडप उधळला तर रेकॉर्डवर काय राहतं? "गोंधळामुळे मुद्दे नोंदवता आले नाहीत." बहिष्कार घालायचा विचार खूप गावांत येतो, राग समजतो मी, पण बहिष्कारानेही तेच होतं. जा, आणि बोला.

आदल्या रात्री बसून वाटणी करा. विहिरीवर कोण बोलणार, मासळीवर कोण, रस्त्यावरच्या ट्रकच्या फेऱ्या आणि शाळा यावर कोण, पक्ष्यांवर कोण, कायद्यावर कोण. एका माणसाचा एक मुद्दा, तीन मिनिटं. बायांना पुढे बसवा आणि पहिल्या पाचात बोलू द्या, संध्याकाळपर्यंत थांबायला लावलं तर त्या घरी जातात आणि पाण्याबद्दल सगळ्यात खरं त्यांनाच माहिती असतं. बोलून झालं की तोच मुद्दा लेखी द्यायचा. एका मुद्द्याचा नमुना:

"मसुदा अहवालाच्या पान ___ वर जवळच्या जलस्रोताचं अंतर ___ मीटर दिलं आहे. प्रत्यक्षात प्रकल्पाच्या पूर्व हद्दीपासून उघाडीपर्यंतचं अंतर ___ मीटर आहे (जोडपत्र १, नकाशा). दि. ___ च्या उधाणाचं पाणी या गटात शिरल्याचे फोटो जोडपत्र २ मध्ये आहेत. जुलै-ऑगस्टमध्ये लगतच्या विहिरींत पाणी जमिनीपासून ___ मीटरवर होतं (जोडपत्र ३). त्यामुळे भूजलाबाबतचा अहवालातला निष्कर्ष मान्य नाही. पावसाळ्यातली मोजणी करून अहवाल नव्याने सादर करावा."

प्रकल्पवाल्यांना सुनावणीत आलेल्या पर्यावरणाच्या मुद्द्यांचं उत्तर अंतिम अहवालात द्यावं लागतं. वरच्यासारखा मुद्दा असेल तर "योग्य ती काळजी घेतली जाईल" एवढं लिहून सुटता येत नाही.

आणि शेवटपर्यंत थांबा. सगळ्यांचं बोलून झाल्यावर इतिवृत्त स्थानिक भाषेत वाचून दाखवायचं असतं आणि त्याच दिवशी त्यावर अध्यक्षांची सही होते. तुमचा मुद्दा त्यात चुकीचा किंवा अर्धवट आला असेल तर तिथेच उभं राहून दुरुस्त करायला सांगा. व्हिडिओ शूटिंग होतं, त्याचीही प्रत मागा.

"मग कचरा कुठे टाकायचा?"

हा प्रश्न येणारच, अधिकारी विचारतील, शहरातले लोक विचारतील, आणि तो रास्त आहे. उत्तर तयार नसेल तर तुमची सगळी मेहनत "यांना फक्त आपल्या दारात नको" या एका वाक्यात संपते. शहरात रोज किती कचरा निघतो, त्यातला ओला किती, वेगळा करून किती घेतला जातो हे आकडे माहितीच्या अधिकारात मागवा. ओला कचरा वॉर्डातच जिरवला तर भरावभूमीला जाणारा बोजा बराच कमी होतो आणि वासाचं, लीचेटचं मूळही तोच. वेंगुर्ल्यासारख्या छोट्या नगरपरिषदेने वर्गीकरणाच्या जोरावर डंपिंगच्या जागेचं लोक बघायला येतील असं ठिकाण करून दाखवलंय, तिकडे जमलं तर सरपंच आणि नगरसेवक यांना एकत्र घेऊन जाऊन या. पर्यायी जागा सुचवायची असेल तर दुसऱ्या गरीब वस्तीच्या डोक्यावर टाकणारी सुचवू नका. मुंबईतल्या देवनार डंपिंगच्या भिंतीला लागून राहणाऱ्या लोकांनी जानेवारी २०१६ ची आग आणि तो धूर किती दिवस श्वासात घेतला ते आठवा.

मंजुरी मिळालीच तर

पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादात अपील करायला ३० दिवस असतात, योग्य कारण दाखवलं तर आणखी ६० दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते. आपला पश्चिम विभागाचा लवाद पुण्यात आहे. मंजुरीचं पत्र परिवेशवर कधी येतं यावर एका माणसाने रोज लक्ष ठेवायचं, कारण मुदत गेल्यावर कितीही चांगली केस असली तरी दार बंद. कांदळवन किंवा वनजमिनीचा विषय असेल तर हायकोर्ट. कोकणात विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली हायकोर्टाने नेमलेली कांदळवन आणि पाणथळ तक्रारींची समितीही आहे, तिथे साध्या अर्जावर पाहणी होऊ शकते.

उशीर केला की काय होतं ते कांजूरमार्गला बघा. ती जागा जुलै २००८ मध्ये संरक्षित वन म्हणून जाहीर झाली, डिसेंबर २००९ मध्ये त्यातली ११९.९१ हेक्टर वगळली, डंपिंग सुरू झालं. मे २०२५ मध्ये हायकोर्टाने सांगितलं की वगळताना कायद्याची प्रक्रियाच पाळली नव्हती, जागा संरक्षित वनच आहे, ती पूर्ववत करायला महापालिकेला तीन महिने दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्या निकालाला स्थगिती दिली. इतकी वर्षं मुंबईचा कचरा तिथे पडत राहिला. एकदा शहर एखाद्या जागेवर अवलंबून झालं की कायदा तुमच्या बाजूने असूनही गाड्या थांबवणं फार अवघड होतं, म्हणून सगळा जोर पहिल्या काही महिन्यांत लावायचा.

आणि प्रकल्प झालाच, तरी वही बंद करायची नाही. मंजुरीच्या अटी छापून ग्रामपंचायतीच्या बोर्डावर लावा. मंजुरी घेणाऱ्याला दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो, तो मागवा आणि तुमच्या विहिरींच्या आकड्यांशी ताडून बघा. लीचेटची टाकी पावसाळ्यात भरून वाहते का हे पहिल्याच मोठ्या पावसात, पहाटे, नाल्याच्या तोंडाशी जाऊन बघा. काळं पाणी दिसलं तर बाटलीत भरा, व्हिडिओ करा, त्याच दिवशी प्रदूषण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला लेखी तक्रार द्या आणि त्यांनी येऊन नमुना घ्यावा असा आग्रह धरा. आपण भरलेली बाटली कोर्टात टिकेलच असं नाही, मंडळाच्या माणसाने पंचांसमोर घेतलेला नमुना टिकतो.